हत्तीच्या पोटातला आवाज

मगरीच्या उघड्या जबड्यातून आत शिरताना चतुराबाईनं कमरेचं पुडकं पुन्हा एकदा चाचपलं. जबडा सिमेंटचा होता, दात पांढऱ्याफेक रंगाचे होते, आणि खालच्या सुळ्यापाशी उभा असलेला वॉचमन येईल त्याची पिशवी उघडून बघत होता. "बाहेरचं खाणं आत चालत न्हाई," असं म्हणत त्यानं सुनेच्या, शीतलच्या, पर्समधून चिवड्याची पुडी काढून घेतली. पण म्हातारीच्या लुगड्याच्या ओच्याकडं बघायची त्याची छाती झाली नाही. त्या ओच्यात गुळाच्या दशम्या होत्या.

दशम्या हौसेच्या नव्हत्या. कचरूबांना, म्हणजे तिच्या मालकांना, साखरेचा आजार होता. सकाळी सुई टोचली की वेळेवर पोटात घास जायला हवा. नाही गेला तर आधी घाम फुटायचा, मग नजर फिरायची, आणि मग माणूस उभ्याउभ्या खाली यायचा. नवरात्रात पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दारात ते असेच कोसळले. दुसऱ्याच दिवशी लेकानं, कल्याणनं, गाडी काढली आणि दोघांना धावड्याहून उचलून जालन्याच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. पोरगा गुणाचा, सून मायेची, नात तर काळजाचा तुकडा. पण तिसऱ्या मजल्यावर वारासुद्धा पाहुण्यासारखा यायचा, दारातूनच विचारपूस करून निघून जायचा. ऊन कललं की चतुराबाईला धावड्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर उतरून घुमणारे होले आठवायचे.

आज सकाळी चहा गाळताना तिनं कल्याणचा आवाज ऐकला होता. तो शीतलला म्हणत होता, "आज पार्कात सगळे खुशीत असले की सांगून टाकतो. धावड्याचं घर बंद करायचं. माय एकटी आबाला न्हाई सांभाळू शकत. कुठं पडले, कुठं हरवले, तर? बिलकुल रिस्क घ्यायची न्हाई."

तेव्हापासून चतुराबाईनं मनाशी एकच गाठ मारली होती. आजचा दिवस बिनबोभाट पार पाडायचा. आबा पडायचे नाहीत, हरवायचे नाहीत, जमलं तर शिंकायचेसुद्धा नाहीत.

पार्क तसं देखणं होतं. जिराफाच्या मानेची घसरगुंडी केली होती, कासवाच्या पाठीवर पाळणे फिरत होते, देवमासा डोक्यातून पाण्याचं कारंजं उडवत होता. कचरूबा मात्र एका सिमेंटच्या बैलापाशी अडून बसले.

"ह्याला खांदाच न्हाई," ते म्हणाले. "जू ठिवायचं कुठं?"

"तुमाला काय त्येला नांगराला न्यायचंय का? चला पुढं."

"आन शिंगं बघ. म्हशीची लावलीत."

चतुराबाईनं त्यांना हाताला धरून पुढं काढलं. तोवर पाच वर्षांची आकांक्षा बापाला ओढत जिराफाकडं घेऊन गेली होती, आणि शीतल जेवणाच्या कुपनाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. कचरूबांना तहान लागली. समोर सोंड वर केलेला एक निळा हत्ती होता, त्याच्या पोटाखाली बसायला कट्टा होता, गार सावली होती.

"हितं बसा. मी पाणी घिऊन आले."

"बरं."

"हलायचं न्हाई."

"न्हाई हलत."

"कुनी बोलावलं तरी न्हाई. मी आल्याबिगर उठायचं न्हाई."

"आगं, आधी बसू तर दे."

पाण्याच्या नळावर गर्दी. बाटली भरून ती परत फिरली तेव्हा निळा हत्ती सोंड वर करून तसाच हसत उभा होता. कट्टा होता, सावली होती. सावलीत कचरूबा नव्हते.

तिनं हत्तीला एक वळसा घातला. मग दुसरा. शेपटीच्या मागं डोकावून बघितलं. फुगेवाल्याला विचारलं, "हितं एक टोपीवालं मानूस बसल्तं, बघितलं का?" फुगेवाल्यानं मान हलवली. फोन शीतलच्या पर्समध्ये होता. आणि हाताशी असता तरी तिनं तो लावला असता का? लावला की कल्याणला कळणार. कळलं की धावड्याच्या दाराला कुलूप.

आवारात मधोमध एक अजस्र कोंबडी होती. तिच्या पोटात खिडकी, खिडकीवर 'हरवले-सापडले' अशी पाटी. रोजची मुलगी रजेवर होती, म्हणून माईकपाशी पार्कच्या मालकीणबाई, संतोषबाई, स्वतः बसल्या होत्या, अंडी उबवायला बसाव्यात तशा ठाण मांडून.

"क्या हरवलं बाई? चप्पल, पर्स, का लेकरू?"

"मानूस."

"किसका?"

"माझाच."

"नाव सांगा."

चतुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अहो, नाव सांगितल्याशिवाय मी पुकारू काय?"

"कसं घिऊ नाव? धनी हायेत माझे."

संतोषबाईंनी चष्मा काढला. "बराबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठं घेते? बाहेर मगरीच्या कपाळावर ह्यांचं नाव हात हात अक्षरात लिहिलंय. मी रोज मान खाली घालून आत येते."

चतुराबाईला इतका वेळ अडलेला हुंदका तिथं फुटला. नाव घेतलं तर लेकाला ऐकू जाईल, लेकाला कळलं तर घर बंद होईल, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. संतोषबाईंनी तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं.

"कुठं बसवलं होतं?"

"हत्तीखाली."

"कोणत्या?"

"कोनत्या म्हंजे? हत्ती काय लई हैत का?"

"सात आहेत. एका साच्यातले. सात घेतले तर भाव चांगला पडतो म्हणून ह्यांनी सातही घेतले."

सात हत्ती! चतुराबाईच्या डोळ्यांपुढं सात निळ्या सोंडा एकदम वर झाल्या. पायी शोधायचं तर गुडघे तिसऱ्या हत्तीपाशीच बसले असते, आणि सुई टोचून किती वेळ झाला हे तिला घड्याळाशिवाय कळत होतं.

"माईकवर बोला तुम्हीच," संतोषबाई म्हणाल्या. "आवाज हत्तींच्या पोटातून निघतो. ज्याच्याखाली बसले असतील तिथं बराबर ऐकू जाईल. बस, असं बोला की त्यांनाच कळेल."

माईक चतुराबाईच्या पुढं आला. बोलायचं काय? उभ्या जन्मात तिनं नवऱ्याशी तोंडावर जे बोलणं केलं ते 'जेवता का' आणि 'आलात का' एवढंच. बाकी सगळं, रुसवा, राग, माहेरची ओढ, तिनं पहाटे जात्याला सांगितलं होतं, आणि ओसरीवर झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या कचरूबांनी ते ऐकलं होतं. तिनं डोळे मिटले. हात आपोआप जात्याचा खुंटा धरल्यासारखा झाला.

*"तांब्याभर पाण्यासाठी, गेले मी गं वळणाला*
*सावलीत ठेविला धनी, हत्तीच्या त्या चरणाला*

*दशमी गं गुळाची, पदरात सुकली*
*सांगा माझ्या धन्याला, घासाची येळ चुकली"*

साऱ्या पार्कात सात हत्ती एका गळ्यानं गायला लागले. पाळणे थांबल्यासारखे झाले. चतुराबाई खिडकीतून बघत राहिली. टोपीवाली मंडळी बरीच आली-गेली, तिची टोपी काही दिसेना.

"का येईनात?" संतोषबाई म्हणाल्या.

चतुराबाईनं कपाळावर हात मारला. "मीच सांगून आल्ते, कुनी बोलावलं तरी हलू नका म्हनून!"

"मग आता सांगा, हला म्हणून. इथं कोंबडीपाशी या म्हणावं."

ती माईककडं वाकली, तेवढ्यात खिडकीत बायकांचा लोंढा आला. परतूरच्या बचत गटाची सहल होती. सगळ्यांच्या अंगावर एका रंगाची लुगडी, आणि पुढं पुष्पाबाई नावाची धिप्पाड बाई.

"ओव्यांची स्पर्धा हाये का? नंबर कुठं लावायचा?"

"स्पर्धा न्हाई ओ, माझे मालक..."

"आमच्या बी हैत की मालकांच्या ओव्या!" असं म्हणत पुष्पाबाईनं खिडकीतून हात घालून माईक बाहेर ओढला आणि आवाज सोडला:

*"माझा बी धनी बाई, मोबाइलात हरवला*
*हाका मारू मारू, माझा गळा गं सुकवला!"*

हसू, टाळ्या, शिट्ट्या. दुसरीनं माईक घेतला, मग तिसरीनं. कुणाच्या सासूवर, कुणाच्या जावेवर, अशा ओव्या हत्तींच्या पोटातून बदाबदा बाहेर पडू लागल्या. संतोषबाई "माईक द्या, माईक द्या" म्हणत राहिल्या आणि चौथ्या ओवीला स्वतःच ताल धरून बसल्या. चतुराबाई मात्र स्टुलावरून मान उंचावून टोप्या शोधत होती. इकडं गाणी चाललीत आणि तिकडं माणसाची नजर फिरली असली तर?

आणि तेवढ्यात गर्दीला कोपरं मारत येताना तिला कल्याण दिसला.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ऐकलं त्यानं. ओळखला आवाज. आता संपलं. चतुराबाईनं स्टूल सोडलं आणि होती नव्हती तेवढी सगळी टेबलाखाली शिरली. गुडघे कटकट वाजले. डोक्यावरून पदर ओढून ती मुटकुळं करून बसली.

"काकू," खिडकीत कल्याणचा आवाज आला, अगदी बारीक. "एक पोरगी... पाच वर्षांची. पिवळा फ्रॉक. हरवलीय."

टेबलाखाली चतुराबाईनं पदर कानावरून मागं सारला.

"नाव?" संतोषबाईंनी विचारलं.

"नाव घेऊ नका ना काकू! तिची मम्मी तिकडं लाइनीत उभीय. तिनं स्पीकरवर ऐकलं तर माझं काही खरं न्हाई. नुसतं असं काहीतरी सांगा की..."

"तिलाच कळेल?"

"हां! बराबर!"

"हरवली कशी?"

"ते गाणं लागलं ना मघाशी. मला वाटलं रेकॉर्ड हाये. तर ही म्हणती, पप्पा, आजी हत्तीच्या पोटात गेली. मी म्हणलं, येडी का तू. बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर हात सोडून पळाली. आजीला काढायला."

टेबल हललं. खालून आधी पांढरे केस आले, मग कुंकू, मग चतुराबाई.

"माय! तू हितं काय करून राह्यलीस?"

"तुझ्या लेकीला तेवढा माझा आवाज कळला व्हय रे?" चतुराबाई म्हणाली, आणि मग तिला भीती आठवली. "चल आधी!"

"आन आबा कुठंय?"

"चल म्हनते ना!"

दोघं निघाली. जिराफाच्या मागच्या हत्तीभोवती माणसांचं कडं पडलं होतं. "डोक्यावर परिणाम झालाय वाटतं," कुणीतरी म्हणालं. "केव्हाचा हत्तीशी बोलून राह्यलाय." चतुराबाईनं दोघांच्या मधून वाट काढली.

कट्ट्यावर कचरूबा मांडी घालून बसले होते. मांडीवर आकांक्षा. दोघांच्या हातात बुड्ढी के बालचा एकच गुलाबी गोळा, कचरूबांच्या मिशा गुलाबी, आणि वर हत्तीच्या पोटाकडं बघून ते ओरडत होते, "आगं, मी हितंच हाये! तूच बाहेर ये! आन ह्या बाया कोन घेतल्यास संगं?"

"आजी!" आकांक्षा ओरडली. "आबा, आली बघा! शेपटीकडनं आली!"

कचरूबांनी चतुराबाईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, कुठं चावलंबिवलं नाही ना ते बघावं तसं. "ही पोरगी आली म्हनून बरं," ते म्हणाले. "मला जरा घाम सुटल्ता. तिनं हे साखरेचं चारलं, मंग बरं वाटलं."

"मंग माझी ओवी ऐकल्यावर यायचं न्हाई का?"

"हलू नका म्हनून कोन सांगून गेल्तं?"

चतुराबाईनं ओच्याची गाठ सोडली, दशमी मोडून त्यांच्या हातावर ठेवली आणि तो पहिला घास उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडं बघत राहिली. कल्याण लेकीला उराशी धरून नुसताच उभा होता. हातातलं माणूस नाडी बांधेस्तोवर हरवतं, हे त्याला आजच कळलं होतं.

तेवढ्यात थाळ्या सांभाळत शीतल आली. "आत्याबाई, सगळे हितंच का! मी तिकडं शोधून राह्यले. ऐकलं का, कुन्या म्हातारीचा नवरा हरवलाय म्हणे. गाऊन गाऊन बोलवायली बिचारी. असं कसं हो लोक आपल्या माणसायला सोडून देतात? लक्ष ठेवता येत न्हाई का?"

आकांक्षानं तोंड उघडलं. कल्याणनं त्यात घाईघाईनं गुलाबी कापूस कोंबला.

"आन तुमचं झालं का बोलणं?" शीतलनं नवऱ्याला हळूच कोपरानं ढोसलं. "घराचं?"

कल्याणनं आईकडं बघितलं. चतुराबाई नातीचं चिकट तोंड पुसत होती, फार सावकाश, भांडं घासावं तसं, आणि मान काही वर करत नव्हती.

"झालं," कल्याण म्हणाला. "रविवारी मीच सोडून येतो दोघायला. धावड्याला."

"आँ? आन तिकडं मामंजी कुठं हरवले-बिरवले तर?"

"धावड्यात एकबी हत्ती न्हाई," कल्याण म्हणाला. "तिथं कोण हरवतं?"

"हत्तीचा काय संबंध?"

सगळी मंडळी थाळ्या घेऊन झाडाच्या सावलीकडं निघाली. चालता चालता चतुराबाईला पदर ओढल्यासारखा वाटला. तिनं मागं वळून बघितलं. एका हातानं लेकीचं मनगट घट्ट धरलेला, ढेरी सुटलेला, चाळिशीचा कल्याण दुसऱ्या हातानं तिच्या पदराचं टोक धरून चालत होता, आणि ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

तिनं पदर सोडवून घेतला नाही. चाल तेवढी जरा हळू केली.