डोमाभाऊंचं चुन्याचं गाव

"अवो बाई, भिताडातून कुठी चालली? दार तिकडं हाये!"

मी जागच्या जागी थांबले. आमच्या गावातल्या बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं ते पटांगण. चहूकडे बेशरमाची झुडपं, पलीकडे नदी, आणि भिंत म्हणावी अशी एकही गोष्ट नजरेच्या टप्प्यात नाही. खाली पाहिलं तेव्हा पायाशी चुन्याची एक पांढरी रेघ दिसली. रेघेपलीकडे डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले, हातात चुन्याचं घमेलं धरलेले डोमाभाऊ उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच्या भिंतीवर कोणी डोकं आपटणार असेल तर जशी काळजी वाटते, तशी काळजी होती.

मोर्चात पोलिसांचे दोर मी ओलांडले आहेत. आमच्या घरात भाकरीआधी चळवळीची पत्रकं यायची. बाप दरवर्षी नागपूरहून पिशवीभर आणायचा आणि आम्ही भावंडं ती वाचून मोठी झालो. कुणी आखून दिलेली रेघ निमूट पाळायची नाही, हे तेव्हापासून अंगात भिनलेलं. पण त्या दिवशी मी वळसा घातला, रेघेत जिथे फट सोडली होती तिथून आत गेले, आणि आत गेल्यावर चपला काढल्या. का काढल्या ते मला आजही कळलेलं नाही.

"आता बरं केलं," डोमाभाऊ म्हणाले. "बस. ही वसरी हाये."

डोमाभाऊ कारखान्यात बांधकाम मिस्त्री होते. पाया खोदण्याआधी जमिनीवर चुन्याने आखणी करायची, हे त्यांचं काम. कारखाना बंद झाला, तरुण माणसं कोरपन्याकडच्या सिमेंटच्या कारखान्यांत गेली, काही हैदराबादला गेली, आणि डोमाभाऊंचं आखणं तेवढं मागे राहिलं. कागदावरच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "कागदावर हत्तीबी मुंगीएवढा दिसते," ते म्हणतात. "कागदावर पाय ठेवता येते का? नाई ना? मंग त्याच्यात राह्याचं कसं?" म्हणून कुठलीही गोष्ट ते जमिनीवर खऱ्या मापाची आखतात, आणि समोरच्याला सांगतात, "चालून पाह्य."

शेजारच्या पोरीच्या लग्नाचा मांडव त्यांनी असाच आधी आखला होता. मग पोरीच्या बापाला नवरदेव केलं, आपण स्वतः बँडवाले झाले, आणि तोंडानं वाजवत निघाले ते थेट जिथे स्वयंपाकाची चूल आखली होती तिच्यात. "पाह्यलं? तुमचा बँड भाजीत पडला असता!" मांडव फिरवला गेला. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं सासरचं स्वयंपाकघर बांधायचं होतं तेव्हा त्यांनी जावयाला अंगणात उभं करून रेघांच्या आत खोट्या पोळ्या लाटायला लावल्या होत्या. "तो लाटन का नाई ते मले नाई माहीत," डोमाभाऊ मला म्हणाले, "पन त्याले समजलं पाह्यजे का कोपर कुठी लागते." मुलगी-जावई आता हैदराबादला एका खोलीत राहतात. तिथे आखायला अंगण नाही.

गावाचं काहीतरी करायचं म्हणून नगरपंचायतीनं एक समिती केली, तेव्हा माझी डोमाभाऊंशी खरी गाठ पडली. भागीदारी समिती असं तिचं नाव. कारखान्याची मोकळी जमीन आणि नदीकाठ यांचा आराखडा गावातल्याच लोकांनी मिळून करायचा, अशी कल्पना. मुख्याधिकारी साहेब अध्यक्ष, कारखान्याच्या मालक कंपनीचे एक मॅनेजर, बाजारवाल्यांचे प्रतिनिधी, ढिवरांच्या मासेमारी सोसायटीतर्फे वच्छलाबाई, जुन्या कामगारांतर्फे डोमाभाऊ, आणि तरुणांतर्फे मी. बैठक दर गुरुवारी, कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनमध्ये. किल्ली डोमाभाऊंकडे. झाडून, सतरंजी अंथरून, स्टोव्हवर चहा ठेवून ते सगळ्यांच्या आधी तयार असत.

पहिल्याच बैठकीत पुण्याहून आलेल्या सल्लागारानं पडद्यावर चित्रं दाखवली. कुठल्याशा समुद्रकाठच्या कारखानदारीच्या गावाचं स्थानिक भागीदारीतून कसं नवं रूप झालं, त्याची ती चित्रं. लांबच लांब फरसबंद किनारा, बाकं, नारळाची झाडं. शेवटी आमच्या गावाचा आराखडा आला. त्यातही नारळाची झाडं होती, भोवती उंच कुंपणभिंत, तिकीटघर, आणि नदीच्या वळणावर एक दीपगृह.

मग डोमाभाऊंनी विचारलं, "साहेब, हे दीपगृह कोनासाठी जी?"

"ते... आकर्षणाचं केंद्र," सल्लागार म्हणाला.

"नाई, मी म्हनलं वच्छलाबाईचा डोंगा रस्ता चुकते का काय."

"माहा डोंगा नाई चुकत," वच्छलाबाई फणकारल्या. "पन हे भिताड मंधात आलं तर मी नदीवर जाऊ कुठून? तिकीट काढून मासोळ्या धराच्या का?"

सगळ्या आराखड्याचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात मांडला होता. कंपनीला भिंतीतली बाग हवी होती. आम्हाला उघडा घाट हवा होता आणि त्याला लागून बाजाराची जागा, कारण बाजार अजून हमरस्त्यावर भरायचा, ट्रकांच्या चाकांशेजारी. बागेचा आराखडा मंजूर झाला असता तर ढिवरांची नदीवरची वाट कायमची बंद झाली असती. मी तावातावानं बोलले, दोन पत्रकं काढली, वाटली. डोमाभाऊ मला तेव्हापासून 'पत्रकवाली' म्हणू लागले. त्यांनी स्वतः मात्र एक शब्द लिहिला नाही. ते चुना घेऊन पटांगणात गेले आणि आखत सुटले.

बाजाराचे ओटे आखले, रस्ता आखला, नदीच्या उतारावर घाटाच्या पायऱ्या आखल्या. वच्छलाबाई ओल्या जाळ्याचं टोपलं डोक्यावर घेऊन त्या पायऱ्यांवरून चालून पाहायला आल्या आणि तिसऱ्याच रेघेवर थांबल्या.

"डोमाभाऊ, ह्या पायऱ्या कोनासाठी आखल्या जी? बकरीसाठी?"

"काऊन? काय झालं?"

"डोक्शावर वझं घेऊन खाली दिसते का मानसाले? पाय कुठी ठेवू?"

"जरा अंदाजानं ठेवाचा."

"तुमी ठेवा अंदाजानं! अन् हे भिताड कायले आडवं?" असं म्हणून त्यांनी पायानं भिंत पुसून टाकली.

"अवो, भिताड पाडलं तुमी!"

"पाडलं. बांधा आता दुसरं."

डोमाभाऊंनी घमेलं उचललं आणि पुन्हा आखलं. हे दर आठवड्याला होऊ लागलं. बैठकीत त्या दोघांची जुंपायची, साहेब घड्याळाकडे पाहायचे, आणि मी पाहायचे डोमाभाऊंकडे. भांडताना या माणसाचे कान लाल व्हायचे आणि डोळे हसायचे. मला त्याचं मोठं नवल वाटायचं. माझ्या भांडणांत मी असं कधी हसलेली नाही.

मग एका बाजारच्या दिवशी घोळ झाला. भाजीवाल्या बायकांनी पटांगणातल्या रेघा पाहिल्या आणि त्यांना वाटलं, जागा वाटून झाल्या. सकाळी सकाळी सगळा बाजार हमरस्ता सोडून चुन्याच्या ओट्यांवर जाऊन बसला. कोणी ठराव केला नव्हता, कोणी हुकूम काढला नव्हता. दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या ओट्यावरून दोघींचं भांडण लागलं. एकीची वांगी दुसरीच्या भिंतीत घुसली होती. हवालदार आला. रेघेबाहेर उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत कुठून याचं?"

मला हसू आवरेना, पण त्याच वेळी काहीतरी उमगलंही. आमची सगळी पत्रकं जे करू शकली नव्हती ते त्या चुन्याच्या फक्कीनं केलं होतं. लोक आराखड्यात राहायला आले होते.

कंपनीचे मॅनेजर तक्रार घेऊन बैठकीत आले. अतिक्रमण झालं, म्हणाले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, महिनाअखेरीस ठराव चंद्रपूरला पाठवायचा आहे, तर आपण एकदा जागेवर जाऊन पाहूच. आम्ही सगळे निघालो; बाजार त्या दिवशीही तिथेच भरला होता. साहेब पुढे, रेघेतल्या फटीतून आत. मॅनेजर फोनवर बोलत बोलत सरळ चालत गेले, तोच अख्खा बाजार ओरडला, "भिताड!"

मॅनेजर दचकून मागे सरले. फोन कानाला तसाच. मग खाली पाहिलं, आणि त्यांनी वळसा घातला. दारातून आत आले.

तिथेच आमचं काम झालं. ज्या भिंतीला मॅनेजरांनी मान दिला, ती नाहीच असं म्हणणं त्यांना पुढे जमेना. त्याच गुरुवारी कॅन्टीनमध्ये परतल्यावर ठराव मांडला गेला: बाग नाही, कुंपण नाही, उघडा घाट आणि बाजाराचे ओटे. साहेबांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले, मॅनेजरांचासुद्धा, जरा उशिरा.

"कोणाची हरकत?" साहेबांनी रिवाज म्हणून विचारलं.

"माही हाये," डोमाभाऊ म्हणाले.

कोणाला काही कळेना.

"घाटाच्या पायऱ्या," ते सतरंजीकडे पाहत म्हणाले. "मले वाटते, अजून एकडाव चालून पाहावं."

"अजी, पायऱ्या तुमीच तर आखल्या!" वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् मी पास केल्या!"

"म्हनूनच तर."

साहेबांनी उसासा टाकला आणि विषय पुढच्या गुरुवारवर ढकलला. मॅनेजर मोबाईल काढत बाहेर गेले. मी संतापले. सगळे गेल्यावर मी डोमाभाऊंना गाठलं. ते चहाचे ग्लास विसळत होते.

"भाऊ, तुम्हाला कळतंय का काय केलंत? आठ दिवसांत ते कोणाला फोडतील, कुठून दबाव आणतील! वच्छलाबाईंची वाट तुम्ही स्वतःच्या हातानं अडवून ठेवलीत!"

"नाई फोडत कोनी. पायऱ्या एकदम बराबर हायेत, पत्रकवाली. मले माहीत हाये."

"मग?"

त्यांनी ग्लास पालथा घातला. दुसरा घेतला. तो आधीच विसळलेला होता, तरी पुन्हा विसळला.

"मंजूर झालं का मंग बैठक खतम ना?"

मी विसळलेला ग्लास पुसायला घेतला.

"कारखाना होता तवा इथी जेवाच्या सुट्टीत मानसाले मानसाचं आइकू नाई ये. एवढा गलका. मंग बंद झाला. मी किल्ली ठेवून घेतली, कोनी मांगितलीच नाई. रोज येऊन झाडतो. कोनासाठी झाडून राह्यलो, मलेच नाई समजे. आता हे गुरुवार सुरू झाले..." ते थोडं हसले. "घरी भांडाले कोन हाये? फोनवर पोरगी म्हनते, बाबा बरे हाय का? मी म्हनतो, बरा हावो. झालं बोलनं."

दाराशी हालचाल झाली. विसरलेलं टोपलं घ्यायला वच्छलाबाई परत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या टोपलं उचलून गेल्या, आणि मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच एकही शब्द न बोलता गेल्या.

पुढच्या गुरुवारी डोमाभाऊंनी स्वतःच हरकत मागे घेतली. "पायऱ्या बराबर हायेत जी," ते म्हणाले, आणि ठराव झाला. मॅनेजरांनी आठ दिवसांत काही केलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले, समितीचं काम संपल्याचं जाहीर केलं, आणि एकेकानं डोमाभाऊंचा हात हातात घेऊन निरोप घेतला. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "चाय झाली ना?"

त्यानंतरच्या गुरुवारी मला कारखान्याकडे काहीच काम नव्हतं. तरी दुपार कलताना पाय तिकडे वळले. कॅन्टीनचं दार उघडं होतं. सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात स्टोव्ह, त्यावर एका माणसापुरतं छोटं पातेलं. डोमाभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. आत जाऊन नेमकं काय म्हणायचं याचा मी दारातच विचार करत होते, तेवढ्यात मला बाजूला सारून वच्छलाबाई आत शिरल्या. टोपलं भिंतीशी ठेवलं, पदर खोचला, आणि सतरंजीवर आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

"हं डोमाभाऊ," त्या म्हणाल्या, "आज कायच्यावर भांडाचं जी?"

डोमाभाऊंनी वळून पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. उठले, कळशीतून तांब्या भरला, आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.