दत्तूकाका गोष्ट मोजतात

दत्तूकाका गोष्ट वाचत नाहीत, मोजतात. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचं, वाडीतल्या माडाच्या बुंध्याला टेकायचं आणि कथा पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायची. एकदा दोन जावांच्या भांडणाची कथा मोजताना त्यांनी असा काही आवाज लावला की शेजारचे दोघं कुंपण ओलांडून सोडवायला आले. काकांनी त्यांना हातानेच थोपवलं, शेवटचं वाक्य वाचलं आणि मग म्हणाले, "एकतीस मिनटं. बसा, चाय घ्या."

बोर्ली पंचतनच्या वाचनालयाच्या पडवीत दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला आमचं वाचनमंडळ जमतं. बारा डोकी, एक कथा, आणि वाचणारा मी, कारण मी शाळामास्तर. कथा निवडायचं काम मात्र काकांचं. ते त्यांना कुणी दिलं, हे कुणालाच आठवत नाही. थळच्या खताच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गोण्या तपासण्यात गेली, त्यामुळे कथेलाही दोनच शिक्के. "माल पास" नाहीतर "माल परत".

शिक्का लागायचा तो लांबीवर. मे महिन्यात चांगली ऐसपैस कथा चालायची, डिसेंबरात चिमूटभर. थंडीत कथा आखडते का, असं विचारलं की काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायचे.

गेल्या डिसेंबरात मला एक कथा फार आवडली. विहिरीवरून कोर्टात गेलेले दोन भाऊ. काकांनी मोजली.

"एकोनपन्नास मिनटं. माल परत, मास्तर."

"अहो काका, कथा आहे की खताची गोणी?"

"गोनी उसवली तर शिवता येते."

मीही इरेला पेटलो. मंडळात हात वर करायला लावले. अकरा हात माझ्या बाजूने. त्यात नजर अधू झाल्यापासून फक्त ऐकायला येणाऱ्या जुबेदाचाचीही होत्या. काका एकटे पडले, आणि मला त्याचा आनंद झाला.

पुढच्या रविवारी वाचन रंगलं. दोघे भाऊ निकालासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, तेवढ्यात मशिदीतून मगरिबची, सूर्य मावळतानाची अजान आली. चाचींनी डोक्यावर ओढणी घेतली, चपला शोधल्या.

"तुमी वाचा रे. माझी नमाजची वेळ झाली."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इतकी वर्षं आमची प्रत्येक कथा अजानच्या आधीच संपत होती, आणि ते आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

काकांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "गोष्ट आज हितंच थांबली." एवढं बोलून पुस्तकासकट चालते झाले. मागे पडवीत एकच गिल्ला, निकाल काय लागला म्हणून.

थोड्या वेळाने मी माफी मागायला त्यांच्या घराकडे निघालो, तर वाटेत चाचींच्या ओट्यावर दिवा दिसला. पायरीवर काका, हातात पुस्तक. नमाज आटोपून चाची ऐकत बसल्या होत्या. निकाल ऐकून खुदकन हसल्या. "दोघं बी येडेच, दत्तूभाई!" मी कुंपणाशी चोरासारखा उभा होतो.

परतताना काकांना मी दिसलो, आणि चालता चालता ते आपणहून बोलले.

"आमच्या हिला दवाखान्यात वाचून दाखवायचो. लांब गोष्ट उचलली. सहा पानं राहिली तवा ती म्हनाली, वाचा की. मी म्हनलो, दमलीस तू, सकाळी वाचू." काकांनी पुस्तक काखेत मारलं. "सकाळी ऐकायला कोन व्हतं? ती सहा पानं मी बी वाचली न्हाय, मास्तर."

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या फाटकापर्यंत चालत गेलो.

पुढच्या आठवड्यात कॅलेंडरातली सूर्यास्ताची वेळ पाहून मीच एक कथा निवडली, घरी मोठ्याने वाचून मोजली आणि वर चिठ्ठी लावली, 'बावीस मिनिटं'. काकांनी घड्याळ काढलं, माडाला टेकले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"तेवीस," ते म्हणाले. "शेवट घाईत वाचलात, मास्तर. पन माल पास."