टिंब गळाले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याच्या दारी पायरी नाही त्याचे कल्याण असो. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, भाद्रपदमासी वर्तमान ऐसे जे, राज्यात लढाई जाहली, फत्ते जाहली, आणि चाळीस शिपाई हातपाय गमावून परतले. महाराजांनी आज्ञा केली की यांस सुतारकाम, विणकाम शिकवावे, मानाने पोटास लावावे. मग दिवाणजी बोलिले की दसऱ्यापावेतो या कामास जागा न मिळाल्यास शालनारळ देऊन ज्याला त्याला गावी लावून द्यावे. गावी जाऊन काय करावे, तर दुसऱ्याच्या ओसरीवर बसून माशा माराव्या. त्यांचा हवालदार रखमाजी शेलार, एका पायाचा, त्यास हे ऐकून चैन पडेना. कुबडी घेऊन जागा शोधावयास नित्य निघे. सरदारांनी अगत्याने म्हणावे, पायधूळ झाडावी, आणि वाड्यास पायऱ्या नऊ. सावकारांनी माडी दाखवावी, देवस्थानाने गच्ची. सर्वांस दया फार, अक्कल बेताची. कुबडी बोटभर झिजली आणि नवरात्र बसले.

मग महाराजांनीच नवी चिरेबंदी इमारत पंगूंस देण्याचा हुकूम केला. त्या इमारतीसही पायऱ्या अकरा, परंतु हुकमापुढे कोण बोलतो? कारकुनाने घाईत मोडी ओढली, टिंब गळाले, काना-मात्रा चढली, आणि 'पंगूंस' याचे 'पागेस' जाहले. मग सरकारी घोडे वाजतगाजत अकरा पायऱ्या चढले आणि जुनी पागा ओस पडली. रखमाजी कुबडी टेकीत पाहावयास गेला. दारास उंबरा नाही, आत उतरती फरसबंदी, भिंतीस हाताशी लोखंडी कड्या. एक कडी धरून तो उभा राहिला आणि त्यास रडू आले. अष्टमीस चाळीसही जण आत आले आणि लिदीच्या वासातच रंधा चालू लागला.

नवमीस दिवाणजी संतापून आले, चूक दुरुस्त करितो, इमारतीत चला म्हणाले. रखमाजी बोलिला, "दिवाणसाहेब, घोड्यांस्नी चार पाय, ते चढले. आमा चाळिसांत मिळून एकेचाळीस पाय. हुकूम हाय तसाच ऱ्हाऊ द्यावा."

दिवाणजी उतरत्या फरसबंदीवरून एक फेरी मारून आले आणि कारकुनास म्हणाले, "शुद्ध नक्कल करा." कारकुनाने केली, पुन्हा 'पागेस'च लिहिले. दिवाणजींनी वाचली आणि शिक्का केला.

सारांश, राज्यास फत्ते तलवारीने मिळाली, शिपायांस जागा चुकीने. दोन्ही वेळा लिहिणारा तोच कारकून. पहिली चूक घाईत जाहली. दुसरी बोरू तासून, अक्कलहुशारीने केली.