चारशे सत्तावीस हजर!

"सर मला नावानिशी ओळखतात, बाबा! शेकडो पोरांतून!" असं पोपटानं फोनवर ठोकून दिलं होतं. इतक्या लांब बाबा थोडेच पडताळायला येणार होते!

खरं म्हणजे त्या अवाढव्य सरकारी विद्यापीठात त्याला नावच उरलं नव्हतं. वर्ग कसला, सिनेमाचं थेटरच! मागच्या बाकावरून सर काडेपेटीएवढे दिसत. ते मान खाली घालून नंबर पुकारत आणि उरलेला तास फळ्याशी बोलत. पोपटाचा नंबर चारशे सत्तावीस. मेसमध्ये तो एकटाच जेवायचा. खोलीतला पार्टनर भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

एक कला मात्र त्याला साधली होती: दांड्या मारणाऱ्यांची हजेरी देणं. घोगरा, चिरका, सर्दी झालेला, हवा तो आवाज काढी. त्यावरूनच 'पोपट' नाव पडलं. कोणीतरी आपल्याला काहीतरी म्हणतं, याचंच त्याला एवढं अप्रूप, की नाही म्हणणं जमेना. पण परक्यांसाठी घसा बदलता बदलता स्वतःचा नंबर कधी येऊन जाई, त्याला पत्ताच लागत नसे! वर्गात रोज बसून गैरहजर राहणारा विद्यार्थी त्या विद्यापीठानंही पहिल्यांदाच पाहिला असावा.

म्हणजे, पाहिला नव्हताच.

"आणखी एक खाडा, की परीक्षा विसर!" कार्यालयातल्या बाईंनी खिडकीतून सुनावलं.

"मॅडम, मी रोज असतो हो!"

"असतोस? मग दिसत कसा नाहीस?"

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन. "उद्या येतोय. तुझ्या सरांना भेटून जातो."

पोपट घाईघाईनं म्हणाला, "उद्या नको बाबा! उद्याची हजेरी चुकली तर परीक्षेला बसू देणार नाहीत!"

"मग मी काय ती चुकवायला येतोय? फाटकाशी ये. तासाआधी पोचतो."

बाबा घड्याळजी. आयुष्यात कधी उशिरा आले नाहीत, हीच त्यांची खोड. पोपट पुढच्या फाटकाशी ताटकळत राहिला आणि बाबा भलतेच लवकर येऊन, मागच्या फाटकानं शिरून, विचारत विचारत थेट वर्गात जाऊन बसले. फोन लावावा, तर हरवायला नको म्हणून बाबा आपला फोन घरीच ठेवून आलेले!

वर्गात काय झालं, ते त्याला नंतर लंबूनं सांगितलं. लंबू म्हणजे त्याच्या घशाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक; त्या दिवशी चुकून वर्गात होता.

"चारशे सत्तावीस!" सर म्हणाले. फीच्या पावतीवरचा तो नंबर बाबांना पाठ होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. पोराचा पत्ता नाही. पोराचं वर्ष डोळ्यांदेखत बुडत होतं. जन्मात खोटं न बोललेला तो माणूस ताडकन उभा राहिला.

"हजर!"

त्या वर्गात हजेरीला उभं राहण्याची रीत कधीच मेली होती. बाक कुरकुरला, तशी सरांनी मान वर केली. पिकलेले केस, कडक इस्त्रीचा सदरा.

"तुम्ही... विद्यार्थी?"

"जी."

"या वयात!" सरांनी हजेरीपट बाजूला ठेवला. "बघा रे, बघा! शिक्षणाची तळमळ बघा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा खाली बघत उभेच.

आणि त्याच क्षणी दारातून घामाघूम पोपट आत धडकला. "सर, चारशे सत्तावीस! हजर!"

टाळ्या थांबल्या.

"चारशे सत्तावीस इथे आहेत," सर म्हणाले. "तू कोण?"

पोपटानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी हळूच मान हलवली: बोलू नकोस. बोलला, तर लागलेली हजेरीही जाणार. हजेऱ्या विकत... नव्हे, फुकट वाटणाऱ्या पोपटाचा घसा पहिल्यांदाच कोरडा पडला. घोगरा, चिरका, कुठलाच आवाज निघेना.

"वर्षभर शिकवतोय, हे तोंड मी कधीच पाहिलेलं नाही!" सर कडाडले. "एका वयस्कर माणसाच्या नावावर हजेरी मारतोस? चालता हो!"

ते ऐकून बाबांनी पोराकडे नीट पाहिलं. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. 'सर नावानिशी ओळखतात' म्हणणारा तो हाच.

"काका," सरांनी आवाज मऊ केला, "तुम्ही ओळखता का याला?"

बाबा अजून पोराकडेच बघत होते.

"थोडंसं," ते म्हणाले. "लहानपणी पाहिला होता."