विनायकरावांच्या जहाजांवरची वहिवाट

आमचे शेजारी विनायकराव यांना कोरं लाकूड बघवत नाही.

आदिलाबादेत समुद्र नाही आणि त्यांनी तो जन्मात पाहिलेला नाही. पण घरात कपाटभर शिडांची जहाजं आहेत, हात-हातभर लांबीची. शिडं, दोऱ्या ते भराभर उरकतात. जीव अडकतो तो डेकमध्ये. लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या, प्रत्येकीला निराळा तपकिरी रंग द्यायचा, सांध्यांत पेन्सिलीनं डांबराची रेघ ओढायची, आणि इतकं देखणं झालं की बिघडवायला बसायचं. काळ्या चहाचा हात, खिळे भिजवलेल्या व्हिनेगरचा हात, शेवटी काचकागद.

"अहो, चांगल्या जहाजाचं वाटोळं काऊन करून राह्यले?" मी एकदा विचारलं.

"वहिवाट नको दिसाले, गुरुजी?"

त्यांची नोकरी तहसिलीत मोजणीकडे झाली. शेतातून जायच्या रस्त्याचं भांडण आलं की हे मौक्यावर जाऊन गवत कुठं तुडवलंय ते बघत. "कागद खोटं बोलते, पाय नाही बोलत," हे त्यांचं ब्रीद. तोच कायदा जहाजाला. सुकाणूपाशी माणूस उभा राहतो, तिथं रंग उडालेला. भटारखान्याच्या दाराशी तेलकट काळं. जिथं कोणी फिरकत नाही तो कोपरा नवा कोरा.

दुसरी तऱ्हा म्हणजे, घरात शिरणाऱ्याला ते ओरडत, "भिंतीकडून या! रंग ओला आहे!" रंग जहाजाचा, तोही टेबलावर, पण सिलिंडरवालासुद्धा खेकड्यासारखा भिंत धरून जाई. वहिनी गेल्यापासून डोकं फिरलं, असं कॉलनी म्हणे. हसून मीही म्हटलं.

दोन वर्षांमागे ते पुतण्याच्या लग्नाला भैंशाला गेले. किल्ली माझ्याकडे. माझ्याकडे फरशी घासायचं मशीन आलं होतं. म्हटलं, शेजारधर्म करू. त्यांच्या खडबडीत शहाबादी फरशीचा आरसा करून टाकला.

विनायकराव परतले, उंबऱ्यात उभे राहिले. "छान झालं, गुरुजी," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी कोणालाही भिंतीकडून चालायला सांगितलं नाही.

माझ्या बायकोनं डोक्याला हात लावला. "अहो, ती वहिनींची वाट होती! स्वयंपाकघरातून दारापुढच्या ओट्यापर्यंत. चालून चालून तेवढीच गुळगुळीत झाली होती."

"मग आधी काऊन नाही बोलली?"

"तुमी विचारलं?"

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाईनासा झालो. विनायकरावांनी अबोला धरला, असं कॉलनीत पसरलं आणि मी पसरू दिलं. ते खोटं आहे. ते रोज हाक मारत. मीच गुडघ्याचं निमित्त सांगत असे.

गेल्या आठवड्यात मात्र गेलो आणि एका दमात सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून जहाज काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

भटारखान्याच्या दारातून एक फिकट पट्टा निघाला होता. सरळ कठड्याकडे जायचं सोडून तो मधेच वळला होता. तिथं शीड नव्हतं, दोर नव्हता, काहीच नव्हतं.

"इथं खलाशी काऊन वळंल?"

"तिथं माझी खुर्ची," विनायकराव म्हणाले. "ओट्यावर जाता जाता ती चहा ठेवून जाये."

मी उठून बाकीची जहाजं पाहिली. प्रत्येकावर तेच वळण.

"तुमच्या मशीनच्या आधीच मौका पाहून ठेवला होता, गुरुजी. तुमचा गुडघा उगाच दुखला."

दोन वर्षांनी मी मोकळेपणानं हसलो. निघताना सवयीनं भिंत धरली, तर मागून ओरडले, "आता भिंतीकडून काऊन? मधून चाला! रोज आले तर पडंल की नवी वहिवाट."