खोली हलली पाहिजे

घर कसं बांधावं हे मला कळतं. माणसांशी कसं बोलावं हेही मला कळतं, असं परवापरवापर्यंत माझं ठाम मत होतं.

या मताच्या जोरावर मी नोकरी सोडली. बारा वर्षं सिमेंटच्या इमारतींचे नकाशे काढले, दुपारी आत शिरलं की पापडासारखं भाजून निघावं अशा इमारतींचे! आता ठरवलं, छोट्या विसाव्याच्या खोल्या करायच्या. बांबू, माती, झावळ्या, जे आसपास मिळेल त्याच्या. भिंती म्हणजे चटया. उकडलं की दोरी ओढून वर गुंडाळायच्या. भिंत आणि छपरामध्ये वीतभर फट, म्हणजे गरम हवा आपल्या वाटेनं बाहेर. आणि सगळ्यात मोठी करामत म्हणजे अख्खी खोली हलवता येणार! उन्हाळ्यात झाडाखाली, पावसाळ्यात उंचवट्यावर.

साहेब भले गृहस्थ. म्हणाले, महिनाभर तुझी खुर्ची ठेवतो, नाही जमलं तर ये परत. त्या दिवसापासून बायको कॅलेंडरसमोर उभी राहून दात घासायला लागली.

नमुन्याची खोली बांधायला सासऱ्यांनी त्यांच्या बागेतला कोपरा दिला. त्यांचा सगळा जन्म पूल बांधण्यात गेलेला. कोपरा दाखवताना एवढंच म्हणाले, "जावईबापू, माझा एकही पूल अजून हललेला नाही." हा आशीर्वाद होता की इशारा, हे मला तेव्हाही कळलं नाही.

बांधायला बांबूकाका. सत्तरीचे, पण बांबूवर टिचकी मारून पोटात भुंगा आहे की नाही ते सांगणारे. मी त्यांना नकाशा दाखवायच्या भानगडीत पडलो नाही. तोंडीच सांगितलं. बोलण्याची कला होती ना!

"काका, मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा. खोली हलली पाहिजे."

"हलली पाहिजे?"

"सहज हलली पाहिजे. एका माणसानं हात लावला तरी हलली तर फारच छान."

काकांनी डोकं खाजवलं. "एवढी हलवून करणार काय?"

"लोकांना तेच आवडतं. जसा वारा, तशी खोली."

"वाऱ्यानं," काका पुटपुटले, आणि बराच वेळ बांबूंच्या ढिगाकडे बघत राहिले.

मी निघालो गिऱ्हाईक शोधायला. अकरा दिवस वणवण केल्यावर एक बाई भेटल्या. समुद्राकाठी त्यांची जागा होती आणि पाहुण्यांसाठी तिथे बारा खोल्या हव्या होत्या. अट एकच. त्या स्वतः येऊन दुपारी दोन तास खोलीत झोपून बघणार. झोप लागली तर बाराच्या बारा खोल्या माझ्या. नाही लागली तर नमस्कार.

मी रोज काकांना फोन करायचो. एकदा विचारलं, हलतेय ना? ते म्हणाले, म्हणावी तशी नाही. हाताच्या सवयीनं तिरके आधार घातले गेले होते, ते आज काढले. मला वाटलं, म्हातारा वजन कमी करतोय. मी म्हटलं, "उत्तम! आणखी काय काढता येईल ते काढा."

हे मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी बाई येणार होत्या. मी बायकोला घेऊन तासभर आधी पोचलो. खोली बघून माझा ऊर भरून आला. काय ते उतरतं छप्पर, काय त्या घट्ट विणलेल्या चटया! मी कौतुकानं एका खांबाला हात टेकला. खोली डावीकडे गेली. मी हात काढला. खोली उजवीकडे गेली, आणि मग बराच वेळ कुठे थांबावं हे तिचं ठरेना.

काका जेवायला घरी गेलेले. सासऱ्यांनी येऊन एका बोटानं खांब ढकलला, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून खिशात ठेवला. आणि तेवढ्यात, ठरल्या वेळेच्या आधीच, फाटकाशी बाईंची गाडी थांबली.

बाईंनी खोलीला एक चक्कर मारली, छान म्हणाल्या, आत गेल्या आणि आडव्या झाल्या. मी धावत मागच्या खांबाला पाठ लावून उभा राहिलो. बायकोला डोळ्यांनी खुणावलं. तिनं दुसरा धरला. तिसरा सासऱ्यांनी. चौथा आम्ही कपडे वाळत घालायच्या दोरीनं झाडाला बांधला. वाऱ्याची झुळूक आली की आम्ही तिघं दात-ओठ खाऊन ताठ व्हायचो. माझ्या डोळ्यांपुढे ऑफिसातली खुर्ची दिसायला लागली. मला रडूच यायचं बाकी होतं. बायको हळूच म्हणाली, "अहो, अजून दीड तास आहे."

अर्ध्या तासानं काका आले आणि आमच्याकडे बघून तिथेच थबकले.

"धरून काय ठेवलीय? हलू द्या की!" ते मोठ्यांदा म्हणाले. "चाळीस वर्षं न हलणारी घरं बांधली. तुमच्या हौसेपायी हलणारं पहिल्यांदा केलं. किती जड गेलं मला!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण काकांनी तोवर दोरी सोडली होती. सासऱ्यांना त्याच घडीला शिंक आली, बायको दचकली, आणि खोली झुलायला लागली. आतून आवाज नाही. मी डोळे मिटले.

बाई बाहेर आल्या त्या चांगल्या दीड तासानं, गालावर उशीची घडी उमटलेली. म्हणाल्या, "सुरुवातीला काही डोळा लागेना, चहूकडे कोणीतरी धापा टाकतंय असं वाटत होतं. मग पाळण्यात घातल्यासारखं झालं. कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते." आणि लगेच पुढे, "आता ती हलवून दाखवा."

काकांनी अभिमानानं खांब हलवला.

"तशी नव्हे. इथून तिथे."

काकांनी आधी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चपलेकडे बघत होतो.

"जागची हलवायची होती होय?" काका म्हणाले. "मग तसं सांगायचं! मी जागच्या जागी हलवली."

त्यांनी चार खुंट्या उपटल्या, छप्पर उतरवलं, खोली चटईसारखी आडवी केली आणि सासऱ्यांना दुसरं टोक धरायला लावलं. पाऊण तासात ती उंचवट्यावर उभी, काढलेले तिरके आधार घालून, दगडासारखी घट्ट. सासऱ्यांनी बोटानं ढकलून बघितलं आणि चष्मा परत लावला.

बाईंनी बारा खोल्या सांगितल्या. सहा जागच्या हलणाऱ्या, सहा जागच्या जागी. फक्त एक अट घातली. नकाशे मी काढायचे, बोलायचं मात्र काकांनी.

साहेबांनी माझी खुर्ची दुसऱ्याला दिली. मी आता नकाशे काढतो आणि गप्प बसतो. काल बायको म्हणाली, "तेवढं कपाट हलवा." मी नम्रपणे विचारलं, "जागचं की जागच्या जागी?"

तिनं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी ते दोन्ही प्रकारे हलवलं.