तनुजाची रस्सीखेच

"औंदा तनूच्या वाढदिवसाला नुसता केक न्हाई कापायचा. औंदा साहस!" भुजंगनं अशा थाटात जाहीर केलं, जणू अंगणात हिमालयच आणून उभा करणार होता!

तनुजा त्याची एकुलती लेक. अंगानं काडी. शाळेत खेळाचा तास आला, की सर तिला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखायला बसवायचे. "पप्पा, मला एकदा खरं खेळायचंय. हरले तरी चालतंय," ती म्हणाली होती. ते भुजंगच्या काळजात रुतून बसलं होतं.

अहमदपूरजवळच्या त्या गावात खेळ घ्यायला माणसं कुठली आणायची? भुजंगनं आपली भजनी मंडळीच बोलावली. कीर्तनात त्याच्यासोबत टाळ धरणारी, लोण्याहून मऊ माणसं. घोटाळा झाला तो त्या मऊपणापायीच!

वाढदिवसाला जमलेल्या पोरांनी आधी टायरातून उड्या मारायच्या होत्या. शेषेरावकाकांनी पहिल्याच पोराला बखोट्याला धरून अल्लाद पलीकडं ठेवलं.

"काका, उडी त्यानं मारायची हाय!"

"आन् लागलं म्हंजी? मी कशाला हाय मग?"

बाजेखालून रांगायचं होतं, तर दोघांनी बाजच वर उचलून धरली! लिंबाला बांधलेल्या दोरावर चढायचं होतं, तिथं कुणीतरी शिडी लावली. पोरं लग्नातल्या आहेरासारखी या हातातून त्या हातात सरकू लागली.

"आता रस्सीखेच!" भुजंग घाम पुसत ओरडला. "तिकडं लेकरं, इकडं आपण!"

शिट्टी वाजली. पोरांनी जीव खाऊन काथ्याचा दोर ओढला, आणि समोरच्या सगळ्या माउलींनी एकदमच सोडून दिला! पोरं धाडकन मागं, टेबलावर. टेबल आडवं. केक तनूच्या आईच्या, उज्वलाच्या नव्या साडीवर!

"अवं, हे काय करायलाव तुम्ही?" उज्वला नवऱ्यावर कडाडली.

"जिंकली! तनू जिंकली!" मंडळी टाळ्या पिटत होती.

तनुजा उठली. केसांत केक, डोळ्यांत पाणी. "तुम्ही ओढलंच न्हाई. हितं पण मी बाटल्याच राखायच्या का?"

मायेनं माणूस एखाद्याचं केवढं काढून घेतो, आणि त्याला पत्ताही नसतो! शेषेरावकाकांनी उपरणं कमरेला आवळलं. "चुकलं, बाई. धर दोर. आता सोडत न्हाई."

आणि खरंच सोडला नाही! जोर एक यावा म्हणून कुणीतरी "विठ्ठल, विठ्ठल" सुरू केलं. लय चढली. आता गजर एकदा रंगला, की बुवांनी हात वर केल्याशिवाय थांबायचं नाही, ही मंडळींची हयातभराची सवय. इथं बुवा कुठले? शिट्टी वाजवायची ती भुजंगनं. आणि तोही डोळे मिटून ओढतच होता! दोर फाटकाबाहेर गेला, हापसा ओलांडला, मारुतीच्या पारापर्यंत पोचला. एकेक पोर गळालं. तनुजा तेवढी टाचा रोवून लोंबकळत राहिली.

पाराला ठेचकाळून मंडळी थांबली. तनुजाचे गुडघे सोललेले. "मम्मे, मी हरले! लई हरले!" ती नाचतच घराकडं पळाली.

दुसऱ्या दिवशी एकादशीचं कीर्तन. बुवांनी खूण केली. टाळ काही वाजेनात. सगळ्यांच्या तळहातांना टरारून फोड!

"काय हो भुजंगराव, मंडळी रुसली का काय?"

भुजंगनं हात उपरण्याखाली लपवले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं हळद माखलेले दोन इवले पंजे वर झाले.

"रुसली न्हाई, महाराज! काल माझ्याशी खेळली!"